आजोबांकडे परतलेला भयपट

इ. स. १९२२ मध्ये मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून ‘नोस्फेरातू’ हा मूकपट काढला. मात्र परवानगी न घेता. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती त्यातून निसटल्या, म्हणूनच हा चित्रपट आज पाहता येतो.

१९७९ मध्ये वर्नर हेर्झोग यांनी तो नव्याने केला व सरदाराला ‘ड्रॅक्युला’ हे मूळ नाव परत दिले. जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रीकरण झाले. पुढे निघालेल्या डीव्हीडीवर हेर्झोग यांचे चित्रपटासोबत ऐकावयाचे निवेदनही आले.

अशा पुरवणीस कोणी भरताड म्हणेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ती कर्त्याची साक्षच होय. नाझी राजवटीमुळे आपल्या पिढीला कलेतले वडीलच उरले नाहीत, म्हणून आपण आजोबांकडे, म्हणजे मुर्नाऊंच्या पिढीकडे वळलो, असे हेर्झोग सांगत आले आहेत. हे ध्यानी घेतले की त्यांचा चित्रपट नक्कल वाटत नाही. तुटलेली परंपरा सांधण्याचा तो प्रयत्न ठरतो. प्रत जपली नसती, तर सांधायला काही उरलेच नसते.