थांबलेला सौदा

जागेच्या बाजारात मंदी शिरली की तिचा पहिला आघात ज्याच्या नावावर वीतभरही जमीन नाही अशा दलालावर होतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. भाव घसरले तर हानी मिळकतदाराची व्हावी, व्याजाने पैसा उचलून ज्याने इमारत उभी केली त्याची व्हावी. ज्याचे भांडवल म्हणजे चार ओळखी, दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या आणि दिवसभराची पायपीट, त्याचे त्यात काय जावे, असे कोणीही विचारील. मुंबईतील जागांच्या व्यवहाराचा पूर्वेतिहास चाळला म्हणजे याचे उत्तर मिळते, आणि ते असे की मंदीत भाव पडण्याच्या पुष्कळ आधी सौदे थांबतात. मालक कालचा भाव सोडावयास तयार नसतो, गिऱ्हाईक उद्याच्या भावाची वाट पाहते, दोघेही आपापल्या घरी निश्चिंत थांबू शकतात; परंतु ज्याची चूल सौद्यावरच पेटते त्याला थांबण्याची सोय नसते.

कायद्यानेही त्याला ही सोय दिलेली नाही. 1872 च्या करार कायद्याचे 219 वे कलम सांगते की निराळा ठराव नसेल तर दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्यास त्याचा मोबदला काम पुरे झाल्याखेरीज मागता येत नाही. वकील खटला हरला तरी फी घेतो, वैद्य रोगी दगावला तरी औषधाचे पैसे मागू शकतो. दलालाने मात्र वीस घरे दाखविली, दस्तऐवजांची जुळवाजुळव केली, प्रकरण इसारपावतीपर्यंत आणून पोचविले आणि तेथे गिऱ्हाइकाचे मन फिरले, तर त्याच्या पदरी दमडीही पडत नाही. विक्रीवर शेकडा एक वा दोन, भाड्यावर एका महिन्याचे भाडे, ही मुंबईची सर्वसाधारण वहिवाट. आणि ती सर्वस्वी शेवटच्या सहीवर अवलंबून.

या व्यवसायाचे भाग्य कसे चढते आणि कसे कोसळते याचा पहिला मोठा धडा मुंबईने 1861 ते 1865 या काळात घेतला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या मुलखातील कापसाला अभूतपूर्व किंमत येऊन या बेटावर पैशाचा असा ओघ लोटला की तो कोठे गुंतवावा हेच लोकांना कळेना. तो प्रथम पेढ्यांत आणि मग समुद्रात गेला, असे म्हणावयास हरकत नाही. कारण खाडी आणि किनारा भरून नवी जमीन निर्माण करणाऱ्या कंपन्या एकामागून एक निघाल्या, आणि त्यांपैकी बॅक बे कंपनीचा 5,000 रुपयांचा भाग सुमारे 50,000 पर्यंत चढला. जी जमीन अद्याप भरतीच्या पाण्याखाली होती तिच्यावर हे भाव बांधलेले होते. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली, या उत्कर्षाच्या ऐन मध्यावर प्रसिद्ध झाले, हे ध्यानात ठेवून ते वाचावे, म्हणजे त्या वेळच्या नगरीचा उत्साह समजतो.

माझे लक्ष येथे प्रेमचंद रायचंदांसारख्या त्या सट्ट्यातील महाधुरीणांकडे फारसे नाही. टाउन हॉलसमोरील झाडांखाली जमणाऱ्या सामान्य दलालांची संख्या 1840 च्या सुमारास जेमतेम सहा होती, ती 1860 साली साठपर्यंत आणि पुढील दोन-तीन वर्षांत दोनशे ते अडीचशेपर्यंत गेली, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. हे लोक रोख्यांचे दलाल होते हे खरे. पण त्या दिवसांत रोखे आणि जमीन यांच्यात अंतरच उरले नव्हते, आणि जो नियम त्यांना लागू पडला तोच पुढे घरांच्या दलालांना प्रत्येक पिढीत लागू पडला. दलालीस भांडवल लागत नाही, उमेदवारी करावी लागत नाही. म्हणून तेजीत हा धंदा फुगतो, शेजारी कमावताना दिसला की दुकानदार, कारकून, पेन्शनर सारे त्यात शिरतात. आणि मंदी येते तेव्हा निम्म्या-पाव सौद्यांवर चौपट माणसे तोंड लावून बसलेली असतात.

1865 च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला, त्याची वार्ता मुंबईस पोचली, कापूस कोसळला, आणि 1 जुलै रोजी वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली तेव्हा कोणालाच तो चुकता करता येईना. बँक ऑफ बाँबेचा 2,850 रुपयांवर पोचलेला भाग पुढे 87 रुपयांना विकला गेला. नादारांचा निकाल लावण्यासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. पण शहराच्या दृष्टीने याहून भयंकर अंक खानेसुमारीचे आहेत: 1864 साली मुंबईची वस्ती 8,16,562 होती, 1872 साली ती 6,44,405 भरली. पावणेदोन लाख माणसे कमी झाली, म्हणजे तितक्यांच्या बिऱ्हाडांची मागणीही गेली. आणि बिऱ्हाड शोधणाराच जेथे नाही तेथे बिऱ्हाड दाखविणाऱ्याला कोण विचारतो?

1896 साली मांडवीत डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुन्हा माणसे लाखांनी बाहेर पडली. त्यातूनच 1898 ची सुधारणा समिती, तिचे नवे रस्ते आणि पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती निघाल्या. पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई इतकी वाढली की गव्हर्नर लॉईड यांच्या कारकीर्दीत सरकारने स्वतःच बॅक बेची भरणी पुन्हा हाती घेतली आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी बांधल्या. त्या पुऱ्या होतात तो गिरणधंद्यावर मंदी आली, वरळीचे कित्येक गाळे भाडेकरूंविना ओस पडले, आणि 1930 च्या कायदेभंगात सरकारने तेथे सत्याग्रहींना कोंडण्याचा तुरुंग केला. त्याच दशकात मरीन ड्राइव्ह आणि शिवाजी पार्क येथे उठलेल्या नव्या इमारतींवर लटकणाऱ्या ‘टू लेट’च्या पाट्या जुन्या मुंबईकरांच्या आठवणींत राहिल्या होत्या. पाटी रस्त्यावरून वाचता येत असेल तर दलालाची गरज कोणाला? घरे मुबलक आणि भाडेकरू दुर्मिळ, ही त्याच्या उपासमारीची एक तऱ्हा.

दुसरी तऱ्हा तिच्या नेमकी उलट होती. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हेच प्रमाण मानले. फाळणीनंतरचे निर्वासित आणि गिरण्यांकडे येणारी खेडी यांनी शहर ओसंडत असता, ज्याच्याजवळ खोली होती तो ती सोडीना, आणि मालक नव्याने भाड्याने देईना. टंचाई कमालीची, पण उघड व्यवहार गोठलेला! तेव्हा सौदा अंधारात सरकला. पागडी, म्हणजे खोलीचा ताबा देताना भाड्याखेरीज उकळलेली रक्कम, घेणे हा त्या कायद्याच्या 18 व्या कलमाने गुन्हा ठरला होता, तरी पागडीशिवाय खोली हस्तांतरित होत नव्हती, आणि मालक, जाणारा भाडेकरू व येणारा भाडेकरू यांच्यामध्ये विश्वासाने रोख रक्कम पोचविणारा मनुष्य म्हणून दलाल टिकला. त्याची जी दुष्कीर्ती आपल्या समाजात रुजली ती मुख्यतः या चाळीस-पन्नास वर्षांची कमाई आहे. ती मला अन्यायाची वाटते. निषिद्ध व्यवहार अटळ करणारा कायदा इतरांनी केला, लाभ दोन्ही बाजूंच्या प्रतिष्ठितांनी घेतला, आणि डाग तेवढा ज्याने जिना चढून निरोप पोचविला त्याच्या अंगावर उरला. पागडीला कायद्याची मान्यता मिळावयास 2000 साल उजाडावे लागले.

मधल्या काळात मालकी सदनिका हा प्रकार रूढ झाला, 1963 साली त्याचा कायदाही झाला, आणि दलालाचे भवितव्य भाड्यापेक्षा विक्रीशी जोडले गेले. 1991 नंतर परकीय पेढ्या आल्या, 1995 च्या सुमारास नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांचे दर जगातल्या सर्वांत महाग दरांत मोजले जाऊ लागले, उपनगरांत नाक्यानाक्यावर ‘इस्टेट एजंट’ अशी पाटी दिसू लागली. आणि 1996 पासून सात-आठ वर्षे बाजार निपचित पडला. त्या काळी गृहकर्जाचे व्याज भारी होते, मध्यमवर्गीय कुटुंब हप्त्यांचा हिशेब मांडून परत जाई, आणि मालक मात्र 1995 च्या भावाचा हेका सोडीत नसे. नाक्यावरच्या पाट्या उतरू लागल्या, कित्येकांनी त्याच गाळ्यात झेरॉक्सचे यंत्र किंवा एस.टी.डी. बूथ थाटले.

मंदीत काम कमी होते ही समजूत चूक आहे. ते वाढते. तेजीत दोन घरे पाहून होकार देणारे गिऱ्हाईक मंदीत पंधरा पाहते, पुन्हा कुटुंबासह येते, मग सासऱ्यांना घेऊन येते. आणि अखेर जमलेच तर दोन्ही पक्ष दलालीतच काटछाट करावयास बसतात, कारण भावात कोणीच माघार घेतलेली नसते. कित्येकदा दलालाने घातलेल्या ओळखीवर मालक आणि गिऱ्हाईक त्याला टाळून परस्पर भेटतात. इमारत बांधणारा मोठी दलाली जाहीर करतो खरा, परंतु त्याच्याकडे रोकड नसते, म्हणून ती रक्कम महिनोन्महिने येणे म्हणून वहीत पडून राहते, आणि ज्या दिवशी त्याचा प्रकल्प अडतो त्या दिवशी बुडते. घर घेणाऱ्याची कैफियत निदान वर्तमानपत्रांत छापून येते; दलालाच्या येण्याविषयी कोणी लिहीत नाही.

2016 सालच्या स्थावर संपदा कायद्याने, आणि 2017 च्या मे महिन्यापासून महाराष्ट्रात काम सुरू केलेल्या महारेरा या नियामक प्राधिकरणाने, या व्यवसायाला प्रथमच दप्तरात स्थान दिले: नोंदणी पाच वर्षांची, हिशेबाच्या वह्या सक्तीच्या, खोटी आश्वासने दंडनीय, आणि 2023 पासून प्रशिक्षण व परीक्षाही आली. ज्यात तेजीच्या वेळी कोणीही शिरून बसे त्या धंद्याला यामुळे उंबरठा लाभला, आणि पुढच्या मंदीत थोड्या सौद्यांवर थोडी माणसे असतील अशी आशा धरता येते. दलालीचा दर मात्र या कायद्याने ठरविलेला नाही, आणि 1872 चे ते 219 वे कलम जसेच्या तसे लागू आहे.