घाटाखालचं मुरबाड : भात, वरकस आणि वारी



दिंडीची शंभर वर्षे भरली म्हणून स्मरणिका काढायची ठरली आणि इतिहासाचा लेख आमच्याकडे आला. लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दिंडी कधी निघते, कुठून चालते, वाटेत काय खाते, कुठे टेकते, हे सगळं या मातीनं ठरवलेलं आहे. म्हणून आधी आपल्या मुरबाडच्या मुलखाची गोष्ट सांगतो. दिंडीची गोष्ट त्यातच येते.

पुष्कळ लोक विचारतात, "तुम्ही आषाढीला पायी का जात नाही? कार्तिकातच आळंदीला का?" याचं उत्तर शेतात आहे. आषाढ म्हणजे आमच्याकडे लावणी. गुडघाभर चिखलात सगळं घर वाकलेलं असतं, त्या दिवसांत घर सोडलं तर वर्षाचं पोट जातं. आपल्या वाडवडिलांनी देव सोडला नाही आणि शेतही सोडलं नाही. हळवं, निमगरवं, गरवं असं तिन्ही प्रकारचं भात कापून खळ्यावर आलं, की कार्तिक वद्य एकादशीला माउलींच्या समाधीसोहळ्यासाठी पताका खांद्यावर घ्यायची. नव्या तांदळाची पहिली शिदोरी वारीत खायची. आषाढीला आम्ही बांधावरूनच हात जोडतो.

भाताचं काम पावसाच्या किती तरी आधी सुरू होतं. फाल्गुन-चैत्रात आवणाच्या जागी शेण, टहाळ, पालापाचोळा आणि वर माती असे थर देऊन राब भाजायचा. त्यानं तणाचं बी मरतं आणि राख खत होते. पहिल्या पावसावर तिथेच रोप टाकायचं. उताराची, डोंगराच्या अंगाची जमीन म्हणजे वरकस. तिथे एक साल नाचणी, मग वरई, मग खुरासणी, आणि पुढे काही वर्षं जमिनीला विसावा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी या सगळ्यांच्या हातांनी ही शेती उभी आहे. आपल्या एकादशीच्या फराळातली वरई याच डोंगरातली, हे आजच्या पोरांना मुद्दाम सांगावं लागतं.

हा मुलूख आडबाजूचा वाटतो, पण तो जुन्या हमरस्त्यावरचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडवरून वैशाखऱ्याकडे, तिथून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. जवळच दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. व्यापाऱ्यांचे बैल ज्या वाटेनं गेले, त्या वाटेनं पुढे टाळकरी गेले. आता आपण सरळगाव, टोकावडे, मोरोशी करत माळशेज घाटानं चढतो आणि ओतूरला तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीपुढे माथा टेकतो.

मुलखाची दुसरी ओळख म्हसा. पौष पौर्णिमेपासून म्हसोबाची जत्रा भरते. तिचा बैलबाजार दूरदूर ठाऊक. घोंगडी, सूप-टोपली, औतफाट्याची अवजारं असा सगळा शेतकऱ्याचा संसार तिथे मिळतो.

तिसरी ओळख सिद्धगड. माथेरानचे भाई कोतवाल हे वकील. सावकारीत पिचणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याच्या कोठ्या काढल्या होत्या. 1942 च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या दिवशी आजही लोक तिथे जमतात.

आता पाण्याविषयी बोलतो. पाऊस इथे कोसळतो, आणि चैत्र-वैशाखात पाड्यावरच्या बाया हंडा घेऊन वणवण फिरतात. औद्योगिक विकास महामंडळाचं बारवी धरण 1972 चं. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्यानं वाढली आणि तोंडली, काचकोलीसारख्या गावांची घरं-शेतं पाण्याखाली गेली. ते पाणी कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, ठाणे या बाजूच्या वस्त्यांना आणि कारखान्यांना जातं. तहानलेल्याला पाणी देणं हा वारकऱ्याचा धर्मच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यानं जमीन दिली त्याच्या दारी घागर कोरडी राहू नये, एवढं म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. ठाण्याकडे सात तालुके उरले आणि त्यांत शेतीचे म्हणावेत असे थोडेच. त्याच सुमारास सरकारने तालुक्याच्या गावांना नगरपंचायत देण्याचं धोरण घेतलं, आणि मुरबाडची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. कायद्यात नगरपंचायत म्हणजे गावातून शहराकडे जाणारा भाग. हे वर्णन आपल्याला अगदी लागू पडतं. एका पायात चिखल, दुसऱ्या पायात बूट.

सोयी झाल्या, हे मान्य केलं पाहिजे. रस्ते, दिवे, कचऱ्याची गाडी ही कामं होऊ लागली. गेलं ते एक, ग्रामसभा. पूर्वी देवळापुढे पारावर बसून म्हातारा कातकरीसुद्धा उठून चार शब्द विचारू शकत होता. आता सतरा प्रभाग आणि सतरा नगरसेवक. माणसं आपलीच, पण बसण्याची जागा बदलली.

शेजारच्या कल्याणकडे पाहिलं तर पुढचं चित्र दिसतं. तिथली 27 गावं 1983 मध्ये महापालिकेत गेली, 2002 मध्ये बाहेर आली, 2015 मध्ये पुन्हा आत घेतली गेली. 2020 मध्ये त्यांतली 18 काढून वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं, तर ते उच्च न्यायालयानं रद्द केलं. गाव तेच, देऊळ तेच, पाटी मात्र बदलत राहिली. आणि त्या चाळीस वर्षांत भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या.

आपल्याकडेही त्याची चाहूल लागली आहे. दिंडीचा एक जुना मुक्काम भाताच्या कापलेल्या शेतात असे. पेंढ्यावर घोंगडी टाकून माणसं निजत. गेल्या काही वर्षांत तिथे कुंपण आलं, प्लॉट पडले. मालकाला आम्ही दोष देत नाही. त्यालाही मुलीचं लग्न होतं, मुलाचं शिक्षण होतं. पण त्या रात्री रस्त्याच्या कडेला पाल ठोकताना आमच्यातला एक जुना विणेकरी एवढंच म्हणाला, "जमीन इकली, आता पेंढा कुठनं आणायचा?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा शताब्दीच्या निमित्तानं हात जोडून तीन विनंत्या. वाटेवरच्या मुक्कामाच्या जागा आपापल्या गावानं लेखी नोंदवून ठेवाव्यात. घरटी एक तरी तुकडा आवणाचा राखावा आणि पोरांना राब भाजायला, रोप खणायला न्यावं. नगरपंचायत असो की ग्रामपंचायत, महिन्याच्या एकादशीला भजनानंतर घटकाभर देवळात बसून गावाच्या पाण्याचं, रस्त्याचं बोलणं करावं. त्याला कुणाचा ठराव लागत नाही.

पहिली शंभर वर्षं आपल्या पूर्वजांनी भात कापून वारी केली. पुढच्या शंभर वर्षांतही कार्तिकात वारकऱ्याच्या पडशीत नवा तांदूळ घरच्या शेतातला असावा, एवढंच मागणं माउलींच्या चरणी आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!