तांब्याची तार, काचेची तार

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. विदेश संचार निगमने आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत ते आणले. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा, पण सुरुवात अडखळतच झाली. जोडणी लागायची नाही, लागली तर तुटायची. शेवटी निगमचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी आमचे चुकले असे जाहीरपणे कबूल केले. (हल्ली कोण करतो?)

वेग होता 9.6 केबीपीएस. आज नातवंडे चुटकीसरशी पाठवतात तसा 1 एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरायला सुमारे 14 मिनिटे लागतील! आणि 250 तासांचे 5,000 रुपये, फोनच्या कॉलचे पैसे वेगळे. शिक्षकाच्या पगारात हे बसणारे नव्हतेच.

हे सगळे चालायचे फोनच्या तांब्याच्या तारेवरून. आपल्याकडची पहिली टेलिफोन एक्स्चेंजेस 1882 सालची. म्हणजे मुळात माणसांनी बोलावे म्हणून ही तार आली. मोडेम संगणकाची भाषा आवाजात बदलून तिच्यावरून पाठवायचा, म्हणून ते किर्र-खर्र ऐकू येई. पुढे ब्रॉडबँड आले. 2004 च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. 2023 पासून ती मर्यादा 2 एमबीपीएस आहे. पण बहुतेक घरांत तेही आले जुन्याच तारेवरून. एक्स्चेंजपासून घर जितके लांब तितका वेग कमी. त्यात पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की फोनमध्ये खरखर आणि नेट लंगडे.

लंगडे म्हणतो, कारण तांबे आजारी पडते, पण बहुधा एकदम मरत नाही. आमच्या भागातला लाइनमन खांबावर चढायचा, कानाला फोन लावून ऐकायचा, पकडीने तार सोलून पीळ घालायचा, वर काळी पट्टी. दहा मिनिटांत काम. चहा मात्र घ्यायचाच.

आता घरात काचेची तार आहे. तिला पावसाचे भय फारसे नाही, कारण तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. पण जास्त वाकवली तर प्रकाश गळतो आणि तुटली तर सगळेच बंद. मधली स्थिती जवळजवळ नाही. गेल्या महिन्यात आमची तार तुटली. कंपनीचे नाव घेत नाही. फोनवर ध्वनिमुद्रित बाई एक दाबा, दोन दाबा सांगते. दुसऱ्या दिवशी संदेश आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. खोक्यावरचा दिवा लालच! चौथ्या दिवशी शिडी घेऊन एक मुलगा आला. केसासारखी ती तार त्याने सोलली, पुसली, नेमकी कापली आणि एका छोट्या यंत्रात ठेवली. ठिणगी पडून दोन टोके वितळून एक झाली. काम नामी. पण तार कुठे तुटली हे शोधण्यात त्याचे दोन तास गेले. गच्चीवर सात-आठ कंपन्यांच्या तारांचे जंजाळ, आणि तो या भागात पहिल्यांदाच आलेला.

जन्मभर इतिहास शिकवला म्हणून असेल, मला काचेपेक्षा या गोष्टीची काळजी जास्त वाटते. 31 जानेवारी 2020 या एका दिवशी भारत संचार निगममधून सुमारे 78,000 कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. संस्था तोट्यात होती, हे मान्य. पण कुठल्या गल्लीतली कुठली जोडी कुठल्या पेटीत जाते, हे बरेचसे त्यांच्याच डोक्यात होते. कागदपत्रे जळाली तर आपण हळहळतो, इथे तर चालते-बोलते दफ्तर घरी गेले.

आणि हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला आता घरबसल्या नेटवरून देता येतो. ज्यांचे गुडघे बँकेचा जिना चढू देत नाहीत त्यांना हे वरदानच. नेट गेले की असा माणूस हयात असूनही सिद्ध करू शकत नाही.

तर त्या मुलाला थांबवून घेतले, चहा दिला आणि आमच्या तारेचा नकाशा काढून घेतला. खांबावरून गच्ची, पाण्याच्या टाकीमागून डावीकडे, तिथे सांधा, मग खाली. तारखेसह वहीत नोंद केली असून एक प्रत खोक्यामागे चिकटवली आहे. शेजारच्या देशपांडे वहिनींनी परवा त्यांच्याही तारेचा काढायला सांगितला आहे.