यूएसबी हेडसेट संगणकाला दिसत नसेल तर...

शिकवणी वर्गांमुळे राज्यभर ओळखल्या जाणाऱ्या लातूर आणि नांदेडमध्ये गेम खेळण्यासाठी घेतलेला हेडसेट ऑनलाइन तासालाही उपयोगी पडतो. ऐन वेळी डेस्कटॉप संगणकाने त्याची दखल घेतली नाही, तर नवा घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे शोधावे.

प्रथम हेडसेट दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. तेथेही तो चालला नाही, तर दोष बहुधा हेडसेटमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो. तेथे चालला, तर आपल्या संगणकाच्या मागील पोर्टला जोडावा. मागील पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढील पोर्टची वायर कॅबिनेटमध्ये सैल झालेली असू शकते. यूएसबी हब टाळावा.

त्यानंतर विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. हेडसेटच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह दिसल्यास ते उपकरण 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज त्याचा ड्रायव्हर नव्याने बसविण्याचा प्रयत्न करते.

नाव दिसत असूनही आवाज येत नसेल, तर जोडणी बहुधा ठीक असते. यूएसबी हेडसेट संगणकाला स्वतंत्र साउंड कार्डासारखा दिसतो. म्हणून ध्वनीच्या सेटिंगमध्ये स्पीकर आणि मायक्रोफोन या दोन्हींसाठी तोच निवडावा.

एवढे तपासूनच दुकानाची पायरी चढावी.