भुताचं गाऱ्हाणं

पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावात पूर्वी प्रत्येक भुताचा पत्ता ठरलेला असायचा. मुंजा पिंपळावर, हडळ नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर आणि चकवा उसात. स्टेशनच्या अलीकडं बिनडोक्याचा एक गार्ड हातात कंदील घेऊन फिरतो, असंही पोरं सांगायची. आमच्या आज्जीचा मात्र त्या गार्डावर काडीचा विश्वास नव्हता. "त्याचं नाव कुणाला ठावं न्हाय, गाव ठावं न्हाय. असलं भूत खरं नसतं," म्हणायची. तिच्या लेखी खऱ्या भुताला घर असायचं, गोत असायचं आणि त्याचं काहीतरी देणं कुणाकडं तरी राहिलेलं असायचं.

नातवंडं हल्ली सुट्टीत आली की विचारतात, "आज्जी, एखादा भारी भुताचा सिनेमा सांग ना." मी सांगते. पण निवड करताना मनातल्या मनात आमच्या आज्जीलाच विचारते.

तिच्या गोष्टी रंगायच्या गुऱ्हाळावर. कालव्याच्या पाण्यावर आमच्याकडं तेव्हा ऊसच ऊस होता आणि थंडीत चुलत्यांचं गुऱ्हाळ रात्रभर चालायचं. काहिलीत रस उकळतोय, चुलाणात चिपाडं फडफडतायत, गुळव्या मळी काढत उभा आहे आणि आम्ही पोरं वाकळ पांघरून उबेला बसलोय. काकवीत भाकरी बुडवून खायची, वर मूठभर शेंगदाणे. हात चिकट झालेले असले तरी धुवायला बाहेर पाटावर जायची कुणाची छाती व्हायची नाही, कारण तोवर आज्जीनं सुरुवात केलेली असायची.

विहिरीवरच्या बाईची गोष्ट तिनं आपल्या सासूकडून ऐकली होती. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, रँडसाहेबाचे गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासण्या करत होते. माणसं शहर सोडून रानात झोपड्या टाकून राहायला लागली. त्यातली एक बाई काखेत पोर घेऊन भर उन्हात आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पाणी मागायला आली. गाठीच्या भीतीनं कुणी जवळ जाईना. लांबूनच तिला हाकललं. संध्याकाळी ती बांधाला मरून पडलेली दिसली. पोराचं काय झालं, ते आज्जी दर वेळी निराळं सांगायची. पुढं रात्री-अपरात्री विहिरीवर रहाट वाजायचा म्हणे, आणि सकाळी दोर ओला असायचा.

माझ्या चुलत्यांचं म्हणणं, ही गोष्ट प्लेगातली नव्हेच, १९१८च्या तापाच्या साथीतली. यावर घरात कायम दोन तट होते. मात्र आज्जीची सासू मरेपर्यंत दर अवसेला विहिरीच्या काठावर तांब्याभर पाणी ठेवायची, हे दोन्ही तटांना मान्य होतं. पुढं आज्जी ठेवायची. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या घरात सिनेमातलं पहिलं भूत आणलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. तरुणपणी ते बैलगाडीतून मंडईला वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन जायचे. माल लवकर संपला की टॉकीजला बसायचे आणि रात्री हडपसरवरून गाडी हाकत परतायचे. 'महल' त्यांनी असाच पाहिला. १९४९चा सिनेमा. कमाल अमरोही दिग्दर्शक, अशोककुमार आणि मधुबाला. टॉकीज मिनर्वा होतं असं आधी सांगायचे, मग स्वतःच नाही म्हणायचे. त्यातल्या गाण्याचा आवाज मात्र ते कधी विसरले नाहीत. त्या गाण्यासाठी लताबाईंना मायक्रोफोनपासून लांब उभं करून गात गात जवळ यायला सांगितलं होतं. म्हणून तो सूर आधी कुठूनसा दुरून येतो आणि हळूहळू कानाशी येऊन उभा राहतो. पहिल्या तबकड्यांवर तर गायिकेच्या जागी सिनेमातल्या पात्राचं, कामिनीचंच नाव छापलेलं होतं. गाणारी बाई खरंच आहे की नाही, हे लोकांना कळू नये म्हणून जणू! अण्णा सांगायचे, घरी येताना बैल वाटेनं आपसूक चालत होते आणि मागं कुणीतरी गुणगुणत येतंय असं पार गावाच्या वेशीपर्यंत वाटत राहिलं. हा सिनेमा आवाज लहान करून बघू नका आणि बघताना मध्येच बोलू नका.

आत्याची आवड वेगळी. ती साधनाची भक्त. 'वो कौन थी' १९६४चा, पावसात भिजणारी पांढरी साडी आणि मदनमोहनचं संगीत. त्याच वर्षी राजा परांजप्यांचा 'पाठलाग' आला. त्यात काशीनाथ घाणेकर आणि भावना. पुढं राज खोसल्यांनी त्यावरूनच साधनाला घेऊन 'मेरा साया' केला. आत्या दोन्ही सिनेमांची तुलना करत भाकऱ्या थापायची आणि एखादी करपायची. हे सिनेमे छान आहेत, जरूर बघा, पण भीतीसाठी म्हणून मी ते सुचवणार नाही. त्या काळच्या बहुतेक सिनेमांत शेवटी भुतामागं माणूसच निघायचा. आज्जीला ते आवडायचं नाही. तिला वाटायचं, मेलेल्या माणसाला त्याचं म्हणणं पुरतं मांडूच दिलं नाही.

'हा खेळ सावल्यांचा' मात्र तिनं स्वतः पाहिला, जत्रेतल्या तंबूत. १९७६चा, वसंत जोगळेकरांचा. आशा काळे आणि परत घाणेकर. तंबूत खाली पोतं अंथरून बसायचं. पडदा वाऱ्यानं हलला की त्यावरची माणसं हलायची आणि बाया ओरडायच्या. मध्येच रीळ तुटायचं, अंधारात भेळवाला हाळी द्यायचा. हृदयनाथ मंगेशकरांची गाणी आजही रेडिओवर लागतात आणि लोक ती प्रेमाची म्हणून ऐकतात. मला मात्र त्यातली आशा काळेंची नजर आठवते. त्यातल्या नरसूच्या भुताचं नाव निघालं की तिचा चेहरा उतरायचा. त्या वर्षी गावात जेवायला नकार देणाऱ्या प्रत्येक पोराला "नरसूला बोलावू का?" एवढंच विचारलं जायचं.

मग व्हिडिओ आला. गणपतीत रात्रभर भाड्याच्या टीव्हीवर रामसे बंधूंचे सिनेमे. सात भाऊ, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, सगळं घरातल्या घरात. त्यांचा 'दो गज़ ज़मीन के नीचे' १९७२चा, महाबळेश्वरला केलेला. १९८४च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी तर आमच्या गल्लीतल्या पोरांच्या स्वप्नात वर्षभर येत होता. हे सिनेमे एकट्यानं बघू नयेत. दहा-पंधरा माणसं हवीत, बटाटेवड्यांची परात हवी आणि उशीत तोंड खुपसणारं एखादं पोर हवं. मग त्यांच्यासारखी मजा नाही.

आणि आता तो सिनेमा, जो मी सगळ्यांत आधी सुचवेन. 'गहराई', १९८०चा. अरुणा राजे आणि विकास देसाई यांनी केलेला. दोघंही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले, आणि लिखाणात विजय तेंडुलकर. डॉ. श्रीराम लागू घरातले कर्ते, अनंत नाग मुलगा, पद्मिनी कोल्हापुरे धाकटी मुलगी. शहरात राहणारा हा शिकलेला, तर्कानं चालणारा माणूस गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. ती राखणाऱ्या जुन्या गड्याच्या ते जिवाला लागतं. आणि काही दिवसांत घरातली ही शाळकरी पोर वेगळ्याच आवाजात बापाला जाब विचारायला लागते. मग डॉक्टर होतात, मांत्रिक होतात. पण खरी भीती त्या मांत्रिकांची नाहीच. पोरीच्या तोंडून जे बाहेर पडतं ते खरं असतं आणि बापाला ते ठाऊक असतं, भीती त्याची आहे. लागूंचा चेहरा बघा त्या वेळचा.

शेजारच्यांच्या पडवीत आम्ही तो व्हिडिओवर पाहिला. अण्णा मध्येच उठून गेले. तेव्हा आमच्या मळ्याच्या व्यवहाराची बोलणी नुकती सुरू झाली होती, एवढं मला आठवतं. ती फिसकटली की अण्णांनीच मोडली, यावर भावंडांचं एकमत नाही. आई म्हणायची, त्या रात्री ते जेवले नाहीत; ओट्यावर बसून सुपारी कातरत राहिले.

जमीन पुढं गेलीच. आधी हडपसरला मगरपट्टा उभा राहिला, मग इमारती रेल्वेफाटकापर्यंत सरकत आल्या. २०२१ साली मांजरी पुणे महापालिकेत गेली, पण आमचा ऊस त्याच्या कितीतरी आधी गेला होता. विहीर बुजवली, तिथं आता एका इमारतीच्या गाड्या लागतात. बुजवायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा काठी टेकत गेले आणि काठावर तांब्या ठेवून आले. अमावास्या होती का नव्हती, कुणी पाहिलं नाही.

उसाची भीती या पोरांना कशी समजावून सांगावी, हा मला प्रश्नच होता. डोक्याच्या वर गेलेल्या फडात शिरलं की चार पावलांत दिशा कळत नाही, सगळ्या सऱ्या सारख्या, पानं अंगाला कापतात आणि वारा नसताना कुठंतरी सळसळतं. ते काम २०१७च्या 'लपाछपी'नं केलं. विशाल फुरिया यांचा सिनेमा. पूजा सावंत ही दिवस गेलेली तरुणी नवऱ्याबरोबर उसाच्या रानातल्या एका घरात लपायला येते, आणि उषा नाईक तिची काळजी घेतात. उषाताईंनी असं काम केलंय की त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला तरी पोटात गोळा येतो. फडात खेळणारी मुलं कोण, तिथं कुणाला का मारलं गेलं, ते कळल्यावर मी बराच वेळ गप्प होते. मुलगी नको म्हणून आपल्याकडं जे केलं गेलं, ते आज्जीच्या गोष्टींतही होतं. ती ते अर्ध्यावर सोडून द्यायची, आणि ती का थांबते हे आम्हाला तेव्हा कळत नसे. याचा हिंदीत पुढं 'छोरी' झाला. आधी मराठीच बघा.

'तुंबाड' तुम्ही पाहिला असेल, २०१८चा, राही अनिल बर्वे यांचा. २०२४ला परत लागला तेव्हा थेटरं आधीपेक्षा जास्त भरली. त्यातला वाडा आपल्या जवळचा, सासवडचा पुरंदऱ्यांचा. दिवे घाट चढून गेलं की आलंच. कथेची प्रेरणा पुण्याच्या नारायण धारपांची. आमच्या वेळी वाचनालयात त्यांचं पुस्तक मिळायला नंबर लावावा लागे आणि आत्या ते कणगीमागं लपवून वाचायची. या सिनेमात १९१८ साल आहे, सावकारी आहे, संपत नाही असा पाऊस आहे आणि साखळीला बांधलेली एक म्हातारी आहे. त्यातल्या हस्तर नावाच्या देवाला सोनं मिळालं, पण अन्न मिळालं नाही; तो कायमचा भुकेला. म्हणून त्याच्यासाठी पिठाच्या बाहुल्या. मी तो पाहताना शेजारच्या नातवाला सांगितलं, याला आमच्या आज्जीनं खरं भूत म्हटलं असतं. त्यानं मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला, तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

दिवाळीत सगळे येणार आहेत. भाजके शेंगदाणे आणि गूळ मी आणून ठेवते. पहिल्या रात्री 'महल', लहानगी जागी असताना. दुसऱ्या रात्री ती निजल्यावर 'तुंबाड'. 'गहराई' मोठ्यांसाठी, आणि तो लावताना माझ्या धाकट्या भावाला आधी विचारा. व्यवहाराच्या कागदांवर अण्णांच्या शेजारी त्याची सही आहे. 'लपाछपी' मात्र या वर्षी नको. पुतणीला सातवा महिना आहे. तिचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग उन्हाळ्यात बघू.