मांडवीतीरीचा आदिलशाही वाडा

‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’, म्हणजे राहणे, या धातूपासून सिद्ध झाला आहे. जेथे वास घडतो ती वास्तु. परंतु राहणारे पालटले तर वास्तु तीच राहते काय? पणजीस मांडवीच्या तीरी उभ्या असलेल्या आदिलशाही वाड्याचा इतिहास वाचताना हा प्रश्न मनात येतो.

विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास हा वाडा बांधविला. खंदक व तोफा यांनी रक्षिलेले हे स्थान म्हणजे नदीमुखावरील ठाणेच होते. १५१० मध्ये आल्बुकेर्कने ते जिंकिले. पुढे पोर्तुगालहून नव्याने येणारे व्हाइसरॉय जुन्या गोव्यास जाण्यापूर्वी येथे उतरत. जुने गोवे साथींच्या रोगांनी ओस पडू लागले, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थानच येथे आणिले. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. १९१८ मध्ये राज्यपालांचे बिऱ्हाड काबोस गेले आणि वाड्यात कचेऱ्यांचा कारभार राहिला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला, आणि ९ जानेवारी १९६४ रोजी येथेच लोकनियुक्त विधानसभेची पहिली बैठक भरली. ज्या दारी रयतेने अर्ज घेऊन ताटकळावे, त्याच दारातून तिचे प्रतिनिधी आता मानाने आत गेले. कसणाऱ्या कुळांना जमिनीचा हक्क देणारी १९७६ ची कायदेदुरुस्ती याच सभेने केली. कोकणीस राजभाषेचा मान देणारा व शासकीय कामी मराठीचाही उपयोग मान्य करणारा १९८७ चा कायदाही तिचाच. २००० मध्ये विधानसभा पर्वरीस गेली. त्यानंतर या दालनांत कलाप्रदर्शने भरू लागली.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. कुशस्थळीचे श्रीमंगेशाचे मूळ देवालय परकीय सत्तेमुळे राहिले नाही. १५६० मध्ये भक्तांनी देवास नदीपार, तेव्हा आदिलशाही अमलात असलेल्या अंत्रुज महालातील प्रियोळास नेले. एका ठिकाणी भिंती राहिल्या, पण निवासी व हेतू वारंवार पालटले. दुसऱ्या ठिकाणी भिंती गेल्या, पण हेतू अखंड राहिला. ज्या आदिलशाहीने मांडवीतीरीचा वाडा गमाविला, तिच्याच मुलुखात देवास आश्रय मिळावा, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

म्हणून जुनी वास्तु पाडावी असे नव्हे. दगडमातीचे जतन अवश्य करावे. परंतु तिच्यात कोणास प्रवेश आहे आणि तेथे कोणाचे हित साधते, हेही विचारावे. वर्धापनोत्सवासाठी मठात येणाऱ्या शिष्यवर्गाने हा प्रश्न स्वतःच्या वास्तूसही लावून पाहावा. पाठशाळेत विद्यार्थी आहेत आणि पंक्तीस आलेला कोणीही उपाशी परतत नाही, तोवर तेथे वास आहे असे समजावे.