चालता चालता बंद पडणारे इंजिन

जुने डिझेल इंजिन सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते, मग आवाज मंदावतो आणि ते बंद पडते. थोडे थांबून पुन्हा सुरू केले तर पुन्हा तेवढाच वेळ चालते. जे इंजिन मुळीच सुरू होत नाही त्याच्या बाबतीत दहा शंका घ्याव्या लागतात. जे सुरू होऊन काही मिनिटे नीट चालते त्याने आपले कॉम्प्रेशन, टायमिंग आणि नोझल कामापुरते तरी ठीक असल्याचे दाखवून दिलेले असते. संशयाला जागा उरते ती मुख्यतः टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर. ही वाट कशी लांबत गेली, हे महाराष्ट्रातील डिझेल इंजिनाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

रुडॉल्फ डिझेलला 1893 मध्ये जर्मनीत पेटंट मिळाले आणि 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन समाधानकारक चालले. त्यात इंधन दाबाखालच्या हवेने सिलिंडरमध्ये फवारले जाई. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे आणि इंजिन बहुधा एका जागी बसवावे लागे. बॉश कंपनीने 1927 मध्ये इंधन थेट दाबाने फवारणाऱ्या पंपाचे कारखानदारी उत्पादन सुरू केले. त्यानंतर डिझेल इंजिन ट्रक, ट्रॅक्टर आणि लहान होडीवर बसवणे खूप सोपे झाले.

महाराष्ट्रात या इंजिनाने ट्रॅक्टरच्या कितीतरी आधी विहिरीवर आणि गिरणीत जागा मिळवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने 1930 च्या दशकात डिझेल इंजिने बनवण्यास सुरुवात केली. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला उभा राहिला, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातूनही इंजिने बाहेर पडू लागली. ती बहुधा एका सिलिंडरची, संथ गतीची, जड फ्लायव्हीलची आणि हँडल मारून सुरू करण्याची असत. टाकी वर आणि पंप खाली असल्यामुळे डिझेल स्वतःच्या वजनाने उतरे. इंजिन बंद पडले तर पाहण्यासारखे फार थोडे असे: टाकीतला गाळ, अर्धवट बंद कॉक, फिल्टर आणि नळीत अडकलेली हवा. गावचा मिस्त्री पाना आणि फडके घेऊन यायचा तो एवढ्यासाठीच, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरे होई.

बोनकोडे हे ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचे, आज कोपरखैरण्याच्या वस्तीत सामावलेले गाव या पहिल्या पिढीच्या इंजिनांच्या टापूतले. या काठाने बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी असा संसार होता. अशा जमिनींसाठी मुंबई राज्याने 1948 मध्ये खारजमिनींचा स्वतंत्र कायदा केला. लहान, चिखलाच्या खाचरांत जड ट्रॅक्टर रुततो. म्हणून कोकणच्या भातपट्ट्यात इंजिन आधी भाताच्या गिरणीत आणि मासेमारीच्या होड्यांवर दिसू लागले. नांगराला बैल आणि रेडे पुढेही बराच काळ राहिले.

ट्रॅक्टर मात्र फार लांब तयार होत नव्हता. खाडीपलीकडे, साष्टीच्या दुसऱ्या अंगाला, कांदिवलीत महिंद्रा आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतून 1963 मध्ये ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ निघाली. तिचा बी-275 हा चार सिलिंडरचा ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या देशावर, विशेषतः उसाच्या पट्ट्यात, ओळखीचा झाला. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली.

या पिढीच्या इंजिनात इंधनाची वाट बदलली. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, ते एक किंवा दोन फिल्टरांमधून मुख्य पंपाकडे ढकलतो आणि उरलेले परतीच्या नळीने मागे जाते. जोड वाढले तशा बंद पडण्याच्या जागाही वाढल्या. त्यातली सर्वांत फसवी जागा टाकी आणि फीड पंप यांच्यामधली. पंपाच्या पुढे नळी सैल असेल तर डिझेल ठिबकते आणि डाग दिसतो. मागच्या बाजूला मात्र ओढ असते. तिथली सैल नळी चालत्या इंजिनात बाहेर थेंबही टाकत नाही, उलट आत हवा घेते. बाहेरून सगळे कोरडे आणि स्वच्छ दिसते आणि इंजिन मरते.

थोडीशी हवा एवढे मोठे यंत्र थांबवते याचे कारण सोपे आहे. मुख्य पंपाला डिझेलचा दाब वातावरणाच्या शंभर पटींहून वर न्यावा लागतो, तेव्हाच नोझलची सुई उचलली जाते. डिझेल जवळपास दबत नाही, हवा दबते. पंपात बुडबुडा आला की दट्ट्याचा सगळा फेरा तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि सुई जागची हलत नाही. म्हणून मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हातमूठ मारत राहतो आणि फेस संपून डिझेलची सलग धार येईपर्यंत थांबत नाही. यालाच ‘एअर काढणे’ म्हणतात. एअर काढल्यावर इंजिन चालते, पण अर्ध्या तासाने पुन्हा बंद पडत असेल तर हवा शिरण्याची जागा तशीच उघडी आहे. ती शोधण्यासाठी ओढीच्या बाजूला थोडा वेळ पारदर्शक नळी बसवून वाहते बुडबुडे पाहतात. दोष बहुधा जुन्या तांब्याच्या वायसरमध्ये किंवा चिरलेल्या रबरी नळीत सापडतो.

हवेच्याही आधी तपासायचे ते टाकीचे झाकण. त्यातले बारीक छिद्र बुजले तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल येणे हळूहळू थांबते. झाकण सैल केल्यावर इंजिन चालत राहिले तर दोष तिथेच मिळाला. तळाचा गाळही असाच वागतो. चालताना तो ओढला जाऊन तोंडाशी बसतो आणि इंजिन थांबल्यावर पुन्हा खाली उतरतो, म्हणून काही मिनिटांच्या विश्रांतीने इंजिन ‘बरे’ झाल्यासारखे वाटते. इंजिन रिकामे चालताना ठीक असेल आणि नांगराचा भार येताच मरत असेल, तर फिल्टर तुंबलेला असतो किंवा फीड पंप थकलेला असतो.

कोकणच्या हवेने यात पाण्याची भर घातली. इथे भाताचा एकच हंगाम, त्यानंतर ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेतले पाणी थंड पत्र्यावर जमते, डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला जाते आणि पत्रा गंजवते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढून बुळबुळीत थर तयार होतो. त्याने फिल्टर एका दिवसात तुंबू शकतो. हंगाम संपल्यावर टाकी भरून ठेवण्याची आणि तळाचा स्क्रू सोडून पाणी काढण्याची पद्धत यातूनच पडली.

हे सगळे निर्दोष निघाले तरच मुख्य पंपाकडे वळायचे. इंजिनचा वेग सतत वरखाली होणे हे गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) अडकल्याचे किंवा हवेचे लक्षण. तापल्यावर मंदावून जड होणारे आणि फिरवता न येणारे इंजिन पाण्याअभावी किंवा वंगणाअभावी पकडू लागलेले असते, त्याला लगेच पुन्हा सुरू करणे घातक. पंपाच्या दट्ट्यातली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी असते. ती उघड्यावर, धुळीत खोलण्याची वस्तू नव्हे. मायको कंपनीने 1951 नंतर बंगळुरूत आणि पुढे नाशिकमध्ये पंप आणि नोझलचे सुटे भाग देशात बनवायला सुरुवात केली. त्यानंतर जिल्ह्याच्या गावांत टेस्ट बेंच असलेली पंप-नोझलची दुकाने निघाली आणि पंप दुरुस्ती मिस्त्रीच्या हातून वेगळ्या कारागिराकडे गेली. ही विभागणी चांगलीच झाली, पण तिचा एक तोटा आहे: आठ आण्यांच्या वायसरमुळे बंद पडलेल्या इंजिनाचा पंपही सहज दुकानात जाऊ लागला.

1970 मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि बोनकोड्यासह 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. खाचरे गेली, मिठागरे गेली; ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने तर त्याआधीच उभे राहू लागले होते. या काठावर भातशेतीसाठी ट्रॅक्टर रुजायची वेळ आलीच नाही. डिझेल इंजिन खाडीतल्या होड्यांवर टिकले. जिथे जुनी इंजिने अजून चालतात तिथे आता बंद पडण्याचे एक नवे कारण आले आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक फार कमी, दहा लाखांत दहा भागांपर्यंत, आहे. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षे फुगून बसलेली रबरी सीले अशा इंधनात आकसू शकतात आणि ओढीच्या बाजूने हवा येऊ लागते. पन्नास वर्षांचे इंजिन अलीकडेच बंद पडू लागले असेल तर पंप खोलण्याआधी सगळी जुनी रबरी सीले आणि तांब्याची वायसरे बदलून पाहावीत.